टोल्विकची शाळा वाईट नाही

टोल्विक गावच्या सरकारी हायस्कूलला राजधानीचं पत्र आलं, तेव्हा मुख्याध्यापक व्हर्लिन हॉगस्टॅड शाळेची बस धूत होते. मुख्याध्यापक तेच, बस चालवणारेही तेच, बास्केटबॉलचे प्रशिक्षक तेच आणि बीजगणित शिकवणारेही तेच. बाहेरगावचा कोणी थक्क होऊन म्हणालाच की, "बाप रे, एवढं सगळं एकटे सांभाळता?" तर ते मान खाली घालून म्हणत, "कुठं सांभाळलं जातंय!" आणि विषय हवापाण्याकडे वळवत.

पत्र 'शालेय आनंद व समाधान संचालनालया'चं होतं. "आपली शाळा पालक-समाधान निर्देशांकात राज्यात शेवटच्या क्रमांकावर आलेली असून, येत्या शैक्षणिक वर्षात समाधानकारक समाधान न आढळल्यास ती नजीकच्या ब्रँडवोल्ड हायस्कूलमध्ये विलीन करण्यात येईल, याची आनंदपूर्वक नोंद घ्यावी."

हॉगस्टॅडनी पत्र वाचलं. पाण्याची तोटी बंद केली. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "हं." अमेरिकेतल्या डकोटाच्या त्या सपाट मुलखात यापेक्षा मोठा आक्रोश कोणी करत नाही.

ते याच शाळेत शिकले, इथंच नोकरीला लागले, आणि त्यांची बायको आर्डिस याच शाळेचं स्वयंपाकघर सांभाळत होती. त्या भागात शाळा गेली की मागोमाग किराणा दुकान जातं, मग पोस्ट जातं, मग गावाच्या नावाची पाटी तेवढी उरते. हे त्यांनी आजूबाजूच्या गावांत डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता खरं सांगायचं तर शाळेत खोट काढायला जागा नव्हती. मुलं झाडून सगळी पास होत. छप्पर गळत नव्हतं. शेवटच्या वर्गात इनमीन सात मुलं, पण सातही जणांना समीकरणं सुटत आणि ट्रॅक्टरही चालवता येत. घोटाळा झाला होता तो प्रश्नावलीत. प्रश्न एकच होता: 'आपल्या गावची शाळा कशी आहे?' आणि खाली पाच चौकोन: अप्रतिम, उत्कृष्ट, चांगली, ठीक, वाईट. टोल्विकच्या पालकांनी एकजात 'ठीक'वर खूण केली होती, आणि तेवढ्यानंही आपण जरा फुशारकीच मारली, अशी बहुतेकांना चुटपुट लागून राहिली होती. 'चांगली'वर एकच खूण सापडली. ती टेक्सासहून नव्यानं आलेल्या पाद्रीबाबांची निघाली. गावानं त्यांना मोठ्या मनानं माफ केलं. नवखे होते बिचारे.

या लोकांचे पूर्वज नॉर्वेहून आले. येताना त्यांनी लोकरीचे मोजे आणले, लेफ्से नावाची बटाट्याची पोळी लाटायचं लाटणं आणलं, आणि एक पक्की समजूत आणली की, स्वतःचं किंवा स्वतःच्या माणसाचं तोंडभरून कौतुक करण्याइतकं निर्लज्ज काम दुसरं नाही. त्यामुळे गावात सर्वांत मोठी स्तुती म्हणजे 'वाईट नाही'. नवरी चर्चच्या पायऱ्या उतरताना सासू म्हणते, "वाईट नाही दिसत," आणि नवरी ते शब्द जन्मभर जपून ठेवते.

शाळेचा सगळा इतिहास याच वळणानं गेलेला. इमारत बांधली तेव्हा दारावरच्या दगडात 'टोल्विक हायस्कूल' असं कोरायचं ठरलं होतं. सभेत एक म्हातारा उठून म्हणाला, "हाय कशाला उगाच?" सगळ्यांना ते पटलं. मग दुसरा म्हणाला, "गावाचं नाव तरी कशाला? गाव काय पळून चाललंय?" तेही पटलं. दगडावर फक्त 'शाळा' कोरलं गेलं. ते आजही आहे.

खेळाच्या संघाला नाव देताना अशीच चर्चा झाली. सिंह, गरुड, वाघ सगळे सुचवून झाले. "आपल्यापैकी सिंह कोणी पाहिलाय?" असा मुद्दा निघाला आणि सिंह बाद झाला. शेवटी सर्वांना मान्य होईल असं एकच नाव उरलं. तेव्हापासून टोल्विकचा संघ 'शेजारी' या नावानं मैदानात उतरतो. त्यांच्या झेंड्यावर टोपीवाला एक माणूस कुंपणापलीकडून हात हलवताना दाखवला आहे. सामन्याच्या वेळी मुली हातातले रंगीत गोंडे नाचवत ओरडतात: "शेजारी, शेजारी, जमेल तेवढं करा! नाही जमलं, नाही तर नाही, वेळेवर निघा घरा!" या संघानं एकदा, आजोबांच्या पिढीत, अख्ख्या राज्याचं अजिंक्यपद मारलं होतं. गावानं वेशीवर स्वागत केलं ते असं: "ऐकलं आम्ही. वाईट खेळला नाहीत म्हणे." चषक काचेच्या कपाटात ठेवणं बरं दिसेना, म्हणून तो झाडू ठेवायच्या खोलीत गेला. खोलीचं दार आपोआप मिटायचं, ते अडवायला त्याचा फार उपयोग झाला.

पत्रापाठोपाठ संचालनालयाच्या आनंद-समन्वयक आल्या. ब्रिआना स्टॅनहोप त्यांचं नाव. पिवळाधम्मक कोट, आणि चेहऱ्यावर हसू असं की ते उतरवून ठेवायची सोयच नसावी. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या.

"शाळा कशी वाटते तुम्हाला?" त्यांनी आर्डिसला विचारलं.

"चाललंय," आर्डिस हसतमुखानं म्हणाली. स्टॅनहोपबाईंनी लिहून घेतलं: 'उदास.'

मग त्यांनी शाळा-मंडळाचे अध्यक्ष ऑर्लिन ट्वेट यांना गाठलं. हे गावातले सर्वांत वयस्क शेतकरी, नव्वदीला टेकलेले. हातातली टोपी फिरवत ते म्हणाले, "याहून वाईट असू शकली असती." बाईंनी लिहिलं: 'तीव्र असंतोष.'

"मॅडम, ते कौतुक करतायत," हॉगस्टॅड कळवळून म्हणाले.

"सर, समजुतीचा घोटाळा करू नका. कौतुक कसं असतं ते ब्रँडवोल्डला जाऊन बघा. तिथल्या सगळ्या पालकांनी 'अप्रतिम'वर खूण केलीय!"

"पण मॅडम, त्यांच्या वाचनालयात बादल्या ठेवलेल्या असतात. छप्पर गळतं त्यांचं."

"गळू दे ना! पालकांना ते अप्रतिम वाटतं. आम्ही तर त्यांचा दुरुस्तीचा निधीसुद्धा थांबवलाय. अप्रतिम गोष्टीला दुरुस्ती लागेलच कशी?"

ब्रँडवोल्डचे लोकही नॉर्वेचेच, आडनावंसुद्धा तीच; पण तिथले मुख्याध्यापक लाइल ब्रेक्के यांनी राजधानीहून एक सल्लागार आणला होता. त्यानं पालकांना एवढंच सांगितलं की, 'अप्रतिम'वर खूण करा, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला येणार नाही. नॉर्वेच्या माणसाला याहून मोठं आमिष नाही. त्यांच्या संघाचं नाव 'वादळ' होतं आणि तो दरवर्षी शेजाऱ्यांकडून हरत असे.

स्टॅनहोपबाईंनी सुधारणा-कार्यक्रम जाहीर केला. बीजगणिताचा तास रद्द होऊन त्या जागी 'स्तुती-तास' आला. "वाईट नाही" म्हणणाऱ्याला शाळा सुटल्यावर थांबवून ठेवण्यात येऊ लागलं. चषक झाडूंच्या खोलीतून काढून दर्शनी कपाटात मांडला गेला. त्या खोलीचं दार दोनदा सफाईवाल्याच्या पाठीत बसलं. मुलांनी ओळीत उभं राहून "अप्रतिम!" म्हणायचं, असा सराव सुरू झाला. बाहेरून ऐकणाऱ्याला आत कोणाची तरी प्रेतयात्रा निघाली आहे असं वाटे.

"आवाज मोठा, मुलांनो! आनंद कुठाय?" बाई म्हणत.

"आतमध्ये आहे मॅडम," शेवटच्या वर्गातली मार्लिस क्वाम्मे म्हणाली. ती शाळेच्या वार्षिक अंकाची संपादक होती. आजवर अंकात मुलांच्या फोटोखाली 'हा त्रास देत नाही', 'हिच्याशी पटतं' अशा गौरवाच्या ओळी असत, आणि वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला 'याचं बरं होईल' हा मानाचा किताब मिळे. बाईंनी तिला सगळ्या ओळी बदलायला लावल्या. सातही फोटोंखाली 'अप्रतिम' छापलं गेलं. मुलं एकमेकांकडे संशयानं बघू लागली.

गृहपाठही होता: घरच्या माणसाची स्तुती करणे. मार्लिसनं रात्री जेवताना मनाचा हिय्या केला आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही अप्रतिम आहात."

वडिलांनी काटा खाली ठेवला. "गाडी कुठं ठोकलीस?"

मुख्याध्यापकांनाही गृहपाठातून सूट नव्हती. हॉगस्टॅडनी घरी हॉटडिशचा पहिला घास घेतला. खाली खिमा, वर बटाट्याच्या गोळ्यांचा खरपूस थर, आर्डिसच्या हाताची खासियत. ते घसा खाकरून म्हणाले, "अगं, अप्रतिम झालंय."

आर्डिसचा चेहरा पांढराफटक पडला. "काय झालं व्हर्लिन? खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"काही नाही गं. चांगलं झालंय, एवढंच."

"बावीस वर्षं तू असं बोलला नाहीस. मीठ जास्त पडलंय का? पडलंय तर सरळ सांग की, असं काळजात धस्स होईल असं कशाला बोलतोस?" तिनं ताट उचलून आत नेलं. ते उपाशी झोपले.

तरी माणसाला सवय होते. हिवाळा सरेपर्यंत 'अप्रतिम' हा शब्द गावाच्या तोंडी बसला, फक्त त्यानं घर जरा वेगळ्याच ठिकाणी केलं. शाळेची बस बर्फात रुतली की मुलं खिडकीतून डोकी काढून म्हणत, "अप्रतिम!" कोणाचा ट्रॅक्टर बंद पडला की शेजारी गाडी थांबवून सहानुभूतीनं म्हणे, "अप्रतिम, नाही का?" गारपिटीत गहू साफ झोपला, तेव्हा ऑर्लिन ट्वेट शेताच्या बांधावर उभे राहून हळूच म्हणाले, "उत्कृष्ट." त्याच्याही वरचा शब्द त्यांना उच्चारवेना.

अशा वेळी दुसरी प्रश्नावली आली. गाव हबकून गेलं. किराणा दुकानात कॉफी पिताना मार्लिसचे वडील हॉगस्टॅडना म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल ते करू. पण शाळेला 'अप्रतिम' म्हणायला हात धजत नाही. एवढं काय वाईट केलंय हो तिनं आपलं?"

"अहो, राजधानीत त्याचा अर्थ चांगला होतो!"

"राजधानीत काहीही होत असेल. पण कागदावर खूण मी करणार ना? उद्या पोरीनं विचारलं तर?"

पालकांनी पुन्हा एकजात 'ठीक'वर खूण केली. या वेळी त्यात पाद्रीबाबाही होते. ते आता गावात रुळले होते.

स्टॅनहोपबाईंनी शेवटची संधी म्हणून जाहीर सुनावणी ठेवली. शाळेच्या व्यायामशाळेत सगळा गाव जमला. अध्यक्षांनी सर्वांच्या वतीनं शाळेबद्दल मत द्यायचं, आणि त्यावर निकाल. आठवडाभर हॉगस्टॅड ऑर्लिनकाकांची तयारी करून घेत होते. "काका, एकच शब्द. डोळे मिटा आणि म्हणून टाका."

"बघतो," काका म्हणत. "आमच्या गाईला सुई टोचताना मी असंच सांगायचो तिला."

ऑर्लिन ट्वेट उठले. टोपी छातीशी धरली. "माझे वडील या शाळेत शिकले," ते म्हणाले. "मी शिकलो. माझी इंगेबोर्ग मला इथंच भेटली, भूगोलाच्या तासाला. नकाशा उलटा धरला होता तिनं. ती गेली, त्याला बरीच वर्षं झाली." हॉगस्टॅडनी आर्डिसचा हात घट्ट धरला.

"शाळा..." काकांचे ओठ उघडले. "शाळा अ... अ..." कपाळावर घाम आला. स्टॅनहोपबाई पेन सरसावून पुढं झुकल्या. "अ... अजिबात वाईट नाही."

'अजिबात'! त्या गावात इतका मोठा शब्द कोणी कधी कोणासाठी काढला नव्हता, नवरीसाठी नाही आणि मेलेल्या माणसासाठीही नाही. आर्डिसनं डोळ्यांना स्वयंपाकाचा एप्रन लावला. मार्लिसचे वडील छताकडे बघू लागले. मागच्या बाकावर पाद्रीबाबा हुंदके देत होते. उद्या शाळेला कुलूप लागलं तरी लागो, हॉगस्टॅडना वाटलं, पण हे कानांनी ऐकायला मिळालं.

स्टॅनहोपबाईंनी लिहिलं: 'अध्यक्षांच्या निवेदनात "वाईट" हा शब्द स्पष्टपणे आढळला. विलीनीकरणास मान्यता.'

उन्हाळ्याची सुटी संपली. शाळा उघडायच्या दिवशी हॉगस्टॅड मुलांना बसमध्ये घालून ब्रँडवोल्डला निघाले. आदल्या रविवारी त्या भागात धो धो पाऊस झाला होता आणि रस्त्याच्या कडेला पाणी साचलं होतं; अजूनही भुरभुर चालूच होती. ब्रँडवोल्डची शाळा दिसू लागली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं की, आपण रस्ता चुकलो. भिंती होत्या. पाटी होती, 'राज्यातील अप्रतिम शाळा'. छप्पर मात्र वर नव्हतं. ते आत होतं.

मुख्याध्यापक लाइल ब्रेक्के पाटीखाली छत्री घेऊन उभे होते. त्यांच्यामागं त्यांची सगळी मुलं, दप्तरं डोक्यावर धरून.

"कोणाला लागलं नाही ना?" हॉगस्टॅडनी खिडकीतून विचारलं.

"नाही. रविवार होता."

"मग आता कसं काय, लाइल?"

ब्रेक्केंनी ढिगाऱ्याकडे एकदा पाहिलं. "अप्रतिम," ते म्हणाले.

हॉगस्टॅडना त्याचा अर्थ लगेच कळला. शेवटी माणूस आपल्यातलाच होता. त्यांनी बसचं दार उघडलं. "चला, बसा सगळे. दाटीवाटीनं होईल. उरलेल्यांसाठी दुसरी फेरी मारतो. आमच्या छपराला तसं काही झालेलं नाही."

अशा रीतीनं शेजाऱ्यांनी वादळाला घरात घेतलं. महिन्याभरात संचालनालयाचा सुधारित आदेश आला: "टोल्विक हायस्कूल कायमस्वरूपी बंद झालेले असून, ब्रँडवोल्ड हायस्कूल हे टोल्विक येथील बंद शाळेच्या इमारतीत सुरळीत चालू आहे." इमारत तीच, शिक्षक तेच, बीजगणिताचा तास परत आला, आणि मुलं पूर्वीपेक्षा दुप्पट. राज्यातली शेवटच्या क्रमांकाची शाळा नाहीशी केल्याबद्दल स्टॅनहोपबाईंना बढती मिळाली. चषक पुन्हा झाडूंच्या खोलीच्या दाराला लागला. दारावरच्या दगडात नाव बदलायची वेळच आली नाही. तिथं 'शाळा' एवढंच होतं.

आदेश आला त्या संध्याकाळी आर्डिस दमून घरी आली. दोन गावांच्या पोरांचं जेवण एकटीनं रांधलं होतं तिनं. तरी हॉटडिश केलंच. हॉगस्टॅडनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "वाईट नाही."

आर्डिसनं चटकन पाठ फिरवली आणि नळ सोडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या. "काहीतरीच तुझं," ती म्हणाली.

तुम्हाला हसू येतंय? येऊ द्या. पण काल गारढोण जेवण तासभर उशिरा आणून देणाऱ्यांना तुम्ही पाच तारे दिलेत, आणि घरी आमटी कशी झालीय असं कोणी विचारलं, तर फोनमधून मान वर न काढता "बरी आहे" म्हणालात. टोल्विकमध्ये असं म्हटलं की स्वयंपाकघरात त्याचा अर्थ कळतो. तुमच्याकडं कळला का, ते आत जाऊन एकदा विचारून या.